न लिहिलेली ओळ

टेबलावर दोन राउटर होते, आठ केबल, दोन जुने लॅपटॉप, एक टेबलपंखा आणि चहाचे तीन कप. आठांपैकी तीन केबल कशालाच जोडलेल्या नव्हत्या. एका कपात अजून दोन घोट चहा होता आणि तो माझा नव्हता. राउटरांपैकी एक करडा आणि रुंद होता, दुसरा काळा आणि बुटका. दोघांवर मिळून एकवीस दिवे होते: चौदा हिरवे, एक पिवळा, उरलेले विझलेले. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यापुढे कुणीतरी कपाट आणून ठेवलं होतं.

हात लावण्याआधी जे आहे ते नीट बघून घ्यायचं, ही सवय मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली. पदार्थविज्ञान शिकून मी रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात नेटवर्क सांभाळायला कशी आले, हे मला नातेवाईक अजून विचारतात. नोकरी होती आणि तिथे मोजण्यासारखं बरंच होतं, एवढंच खरं उत्तर आहे.

भिंतीपलीकडच्या मोठ्या खोलीत बारा टेबलं होती. तिथे बसणारे लोक फोन उचलायचे, पत्ता विचारायचे, गाडी धाडायचे आणि गाडी पोचेपर्यंत घाबरलेल्या माणसाला फोनवर धरून ठेवायचे. त्यांचा आवाज बारीक तुकडे होऊन, म्हणजे पाकिटं होऊन, दोन राउटरांमधून बाहेर जायचा. राउटरचं काम चौकातल्या पोलिसाचं: कुठलं पाकीट कुठल्या रस्त्याने जाईल ते दाखवायचं. पण कुठले रस्ते उघडे आहेत हे त्याला शेजारचा राउटर सांगतो.

आमचे दोन राउटर मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांचे घेतलेले होते, म्हणजे एकीच्या मालातला दोष दुसरीच्या मालात नसणार. बाहेरच्या बाजूची करडी पेटी आधी आली, टेबलांच्या बाजूची काळी नंतर. एका घरात, वेगवेगळ्या माहेरांहून. त्यामुळे सगळं ऑफिस त्यांना जावा म्हणायचं, थोरली आणि धाकटी. माझ्या टेबलावर होती ती त्यांचीच राखीव जोडी: तीच मॉडेलं, तेच सॉफ्टवेअर.

ती जोडी मी कोठीतून काढली ती माझ्या मावशीमुळे.

मावशी त्या बारा टेबलांपैकी चौथ्यावर एकोणीस वर्षं बसत होती. मी राहायचे तिच्याच घरी. दोन महिन्यांपूर्वी, मी नोकरीला लागायच्या आधी, थोरलीचं सॉफ्टवेअर बदलून तिला रीस्टार्ट केलं गेलं. तेव्हा मावशीच्या फोनवर एक शाळकरी मुलगी होती. घरी ती आणि आजोबा दोघंच. आजोबा जमिनीवर पडलेले, श्वास नाही. मावशीने तिला छाती दाबायला लावली आणि तालासाठी स्वतः मोजायला लागली. केंद्रात सगळे एक ते दहाच मोजतात आणि पुन्हा एकपासून, कारण एकोणीस-एकोणतीसवर जीभ अडखळते आणि ताल जातो. मुलगी छान दाबत होती. मग लाइन तुटली. मावशीने उलटा फोन लावला, मुलीनेही लावला, दोघींना एकमेकींचा नंबर व्यस्त मिळत राहिला. गाडी पोचली तेव्हा मुलगी फोन हातात घेऊन दारात उभी होती.

आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले, कदाचित तसेही वाचले नसते. तो 'कदाचित' मावशी घरी घेऊन आली. तिने राजीनामा दिला आणि उरलेले दिवस रजेवर काढायचं ठरवलं.

घरी ती त्याबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची.

"मला तिचा आवाज येत होता. 'मावशी, मोजा ना,' म्हणत होती. मी मोजतच होते."

"लाइन तुटल्यावर?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"सगळे म्हणतात तेव्हा तुटली होती. मला पाऊण मिनिट आवाज येत होता. मग गेला." ती गॅस पुसत होती आणि एकच जागा पुसत होती. "तुमचे ते साहेब म्हणाले, बाई, मशीन बंद होतं, आवाज येणं शक्यच नाही. धक्क्याने होतं असं. तुला काय वाटतं, मला भास झाला?"

"मला अजून काही वाटत नाही. मी मोजलेलं नाही."

"चौकशीबाई, मोजल्याशिवाय तुला भूक तरी लागते का गं?"

पण मला ते सोडवेना. भास झालेला माणूस सहसा गोष्ट बदलत जातो. मावशीची गोष्ट एका शब्दानेही बदलत नव्हती.

ते साहेब म्हणजे माझे वरिष्ठ. ऑफिसात त्यांना पाठीमागे काटकसरे म्हणायचे, कारण राउटरला सूचना लिहिताना ते एक ओळ जास्त लिहीत नसत. जी गोष्ट यंत्र मुळातच करतं, म्हणजे डिफॉल्ट, ती लिहायची नाही हा त्यांचा नियम. दुसऱ्या केंद्रांत राउटरच्या सूचना सातशे ओळींच्या असायच्या, आमच्याकडे दोनशे दहा. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. कमी ओळींत चूक पटकन सापडते.

"जे आपोआप होतं ते लिहायचं कशाला?" ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते. "घरातल्या माणसाला आपण रोज सांगतो का, बाबा रे, श्वास घे म्हणून?"

मी त्यांना मावशीच्या पाऊण मिनिटाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हे बघ, तुझी मावशी मला बहिणीसारखी आहे. पण थोरली रीस्टार्ट होत होती. तिचं डोकं बंद होतं."

"डोकं बंद होतं. हात?"

"म्हणजे?"

"सर, थोरलीत दोन भाग आहेत ना? एक डोकं, रस्ते ठरवणारं. आणि पाकिटं पुढे ढकलणारी कार्डं वेगळी, ते हात. डोकं रीस्टार्ट होताना हात आधीच्या आठवणीवर काम चालू ठेवू शकतात. माहितीपत्रकात तसं आहे."

"माहितीपत्रकात पुष्कळ असतं. आणि हात चालू होते तर लाइन का तुटली?"

हे मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं. म्हणून तर मी टेबल मांडलं.

पुढच्या आठवड्यात थोरलीला पुन्हा रीस्टार्ट करायचं होतं. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत एक भोक सापडलं होतं आणि ते बुजवणं टाळता येणार नव्हतं. मावशीचा राजीनामा महिनाअखेरीला लागू होणार होता. ती मला म्हणाली होती, "मी मोजत असताना लाइन जाणार नाही, एवढं मला कोणी दाखवलं तर मी परत बसेन. शब्द नको देऊ. दाखव."

राखीव जोडीच्या एका टोकाला एक लॅपटॉप लावला, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांकडून एकमेकांना सेकंदाला पन्नास पाकिटं, फोनच्या आवाजाएवढीच. आजवर केंद्रात जाऊन परत येणारं पाकीट मोजायची पद्धत होती. गेलं आणि आलं तर ठीक, नाहीतर तुटलं. मी दोन्ही दिशा वेगळ्या मोजायच्या ठरवल्या. मग थोरलीचं डोकं रीस्टार्ट केलं.

बाहेरून आत येणारं एकही पाकीट हरवलं नाही. आतून बाहेर जाणारी एकशे एकाहत्तर सेकंद सगळी हरवली.

मी तीनदा केलं. तीनदा तेच. मग काटकसरे सरांना बोलावलं आणि चौथ्यांदा त्यांच्यासमोर केलं. ते पडद्याकडे बघत राहिले. दोन घोट चहा राहिलेला तो कप त्यांचा होता. त्यांनी तो उचलला आणि न पिता ठेवला.

"म्हणजे तिला ऐकू येत होतं," ते म्हणाले.

"हो. मुलीला येत नव्हतं."

"पाऊण मिनिट कशामुळे?"

"बाहेरच्या एक्स्चेंजला पंचेचाळीस सेकंद आपल्याकडून आवाज आला नाही की ते फोन तोडतात."

"मी अहवालात दोन्ही बाजू बंद असं लिहिलंय," ते म्हणाले. "ते आजच बदलतो. आता मला हे सांग, आतून बाहेर कोण अडवतंय?"

अडवत होती धाकटी. थोरलीचं डोकं गप्प झाल्याचं तिच्या लगेच लक्षात यायचं आणि ती समजायची, जाऊबाई गेल्या. थोरलीने सांगितलेले सगळे रस्ते ती त्याच क्षणी पुसून टाकायची आणि पाकिटं राखीव लाइनकडे, म्हणजे थोरलीला वगळून बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्याकडे वळवायची. राखीव लाइनवर नवे फोन लागायचे, पण तिचा बाहेरचा पत्ता वेगळा, त्यामुळे चालू असलेला फोन तिथे तुटायचाच. इकडे थोरलीचे हात शांतपणे काम करत असायचे.

यावर उपाय जुना आहे. ग्रेसफुल रीस्टार्ट म्हणतात त्याला. दोन राउटर ओळख करून घेतानाच ठरवतात: मी मध्येच गप्प झाले तर इतका वेळ थांब, माझे हात चालू आहेत, मी परत येते. थोरली हे म्हणते आहे की नाही बघायला मी दोन्ही कंपन्यांच्या माणसांना एकाच फोनवर घेतलं.

"आमच्याकडे हे मुळातच चालू असतं," थोरलीच्या कंपनीचा माणूस म्हणाला. "काही लिहावं लागत नाही."

"आमच्याकडे मुळातच बंद असतं," धाकटीच्या कंपनीची बाई म्हणाली. "हवं असेल त्याने लिहायचं."

"बंद? का म्हणून?"

"शेजारी खरंच मेला असेल तर त्याची वाट बघत बसणं धोक्याचं आहे म्हणून."

"आमच्या मते वाट न बघणं जास्त धोक्याचं आहे."

"तुमचं मत तुमच्या पेटीत ठेवा ना. आमच्या पेटीत कशाला?"

"अहो, पण समोरचा सांगतोय की मी परत येतोय."

"सांगणारे पुष्कळ असतात."

काटकसरे सर इतका वेळ ऐकत होते. "तुमच्यापैकी कोणाच्याच पेटीने चूक झाल्याची नोंद का केली नाही?" त्यांनी विचारलं.

"चूक कुठे झाली?" दोघंही एकदमच म्हणाले. "डिफॉल्टप्रमाणेच चाललंय."

फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले, "म्हणजे मी दोन्हीकडे काहीच लिहिलं नाही, आणि दोन्हीकडे वेगळं लिहिलं गेलं."

त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढून घेतला आणि टेबलावरच्या धाकटीत ती ओळ लिहिली. दोनशे अकरावी.

पुन्हा मोजलं. एकशे एकाहत्तर सेकंद हरवले, पहिल्यासारखेच.

"झालं," सर म्हणाले. "आता?"

मला राग आला होता, पण यंत्रावर रागावून उपयोग नसतो, त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारता येतो. ओळ आहे, मग परिणाम का नाही? मी दोघींची बोलणी कधीपासून चालू आहेत ते बघितलं. सकाळपासून. ओळ लिहिली होती दुपारी. वाट बघायचा करार ओळख होतानाच होतो, आणि ओळख एकदाच होते. धाकटीला नवा नियम माहीत होता, पण थोरलीला तो सांगायची वेळ अजून आलीच नव्हती.

"दोघींची बोलणी तोडून पुन्हा ओळख करून द्यावी लागेल," मी म्हणाले.

"जावांच्या बाबतीत हे अवघड जातं," सर म्हणाले. त्या आठवड्यातला त्यांचा पहिला विनोद.

बोलणी तोडली, जोडली, पुन्हा रीस्टार्ट. या वेळी आतून बाहेर पाकिटं जात राहिली. एक मिनिट. दीड. सर खुर्ची पुढे ओढून बसले. दोन मिनिटांना दिवा बदलला आणि पाकिटं हरवायला लागली. हरवली ती एक्कावन्न सेकंद.

एकशे एकाहत्तरातून एक्कावन्न गेले की एकशेवीस उरतात. थोरली ओळख करून देताना सांगत होती, मी एकशेवीस सेकंदांत येते. हेही डिफॉल्टच, कंपनीने घालून दिलेलं. आणि यायची एकशे एकाहत्तरात, कारण आमच्याकडे रस्त्यांची यादी मोठी. धाकटी शब्दाला जागून बरोबर एकशेवीस थांबायची आणि मग सगळं पुसायची.

"आमची ही पण असंच म्हणते," सर म्हणाले. "पाच मिनिटांत आलेच. मी पंधरा धरतो."

"मग आपणही दोनशे चाळीस धरू."

थोरलीत लिहिलं, पुन्हा ओळख करून दिली, मोजलं. दोन्ही दिशांना हरवलेली पाकिटं: शून्य. एकदा शून्य आलं म्हणून मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस तेच करत राहिले, यादी लहान करून, मोठी करून, धाकटीला रीस्टार्ट करून, दोन्ही पंख्यासमोर आणि पंखा बंद करून. सर येता-जाता डोकावून म्हणायचे, "किती?" मी म्हणायचे, "शून्य." ते म्हणायचे, "पुन्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोकावले आणि गेले नाहीत.

"ती बाई फोनवर म्हणाली ते खोटं नाही," ते म्हणाले. "थोरली खरंच मेली तर? दोनशे चाळीस सेकंद धाकटी तिच्या तोंडाकडे बघत पाकिटं टाकत बसणार. तेवढा वेळ राखीव लाइनही नाही. चार मिनिटं बाराच्या बारा टेबलं मुकी. आज निदान नवा फोन तरी लागतो."

हा प्रश्न खरा होता आणि मी तो विचारला नव्हता. मी उठले आणि थोरलीची वीज सरळ उपटली. दोघींमधल्या केबलचा दिवा विझला, आणि दिवा विझला की धाकटी करार बघत नाही. दोन सेकंदांत पाकिटं राखीव लाइनवर गेली.

"वीज गेली तर ठीक," सर म्हणाले. "केबल तुटली तरी ठीक. पण दिवा चालू आणि हात गारठलेले, असं झालं तर?"

"तर चार मिनिटं," मी म्हणाले. "त्यावर माझ्याकडे उत्तर नाही."

त्यांनी दोघींमधल्या केबलला बोट लावलं.

"माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "रीस्टार्ट करताना मी केबलवर हात ठेवून उभा राहतो. काही अडलं असं पडद्यावर दिसलं की खेचली. दिवा विझला की धाकटी सुटली. नेहमीसाठी हा उपाय नाही, पण रीस्टार्ट करताना चालेल. नेहमीसाठी तू शोध."

केंद्राच्या प्रमुख मॅडमकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करा. पहाटे तीनला करा, नेहमीसारखं. तेव्हा फोन कमी असतात."

"मॅडम, सकाळी अकराला करू या," मी म्हणाले. "पहाटे आपली माणसं कमी असतात. आणि शेजारच्या केंद्राकडे अकराला पूर्ण पाळी असते, ते अर्धा तास आपले सगळे फोन घ्यायला तयार आहेत. पहाटे ते तयार नाहीत. त्या अर्ध्या तासात या रस्त्यावर एकही खरा रुग्ण नसेल. फक्त चाचणीचा एक फोन असेल."

"चाचणीचा फोन कोण घेणार?"

"चौथं टेबल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "त्यांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप घरी नेला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून मावशीला दोन रेघा दाखवल्या. वरची आत येणारी, अखंड. खालची बाहेर जाणारी, मधला एवढा मोठा तुकडा कोरा.

"ही मुलगी," मी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि ही तू. तुला भास झाला नव्हता. सरांनी अहवाल बदललाय."

ती रेघांकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"हे मला माहीतच होतं," ती म्हणाली. "आता लोकांना माहीत झालं, चांगलं झालं. पण मला त्याचं काय करायचंय? पुढच्या वेळी काय?"

मी शून्यांबद्दल सांगितलं. उद्याच्या फोनबद्दल सांगितलं.

"टेबलावरच्या पेट्यांत शून्य," ती म्हणाली. "खऱ्यांत?"

"खऱ्यांत उद्या कळेल."

"बरं. बसते. पण तुमचे साहेब बटण कधी दाबणार ते मला सांगायचं नाही. सांगितलं तर मी तिथे जोर लावून मोजेन, आणि मग काय कळलं?"

चांगल्या प्रयोगात असंच करतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "मलाही सांगणार नाहीत," मी म्हणाले. "दुसऱ्या टोकाला मी आहे."

"तू काय करणारेस तिथे?"

"तू सांगशील ते."

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना मी रुग्णवाहिकांच्या गॅरेजात जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर प्रशिक्षणाचा रबरी पुतळा होता, कमरेपर्यंतच. त्याच्या खांद्याला एक छोटा पडदा होता, प्रत्येक दाब आणि त्याची वेळ नोंदवणारा. शेजारी एक ड्रायव्हर उभा होता, हातात गाडीची किल्ली.

"ताई, कोपर वाकवू नका," तो म्हणाला. "आणि याच्या बरगड्यांची काळजी करू नका, स्प्रिंगच्या आहेत. माझ्याकडून दोनदा मोडून झाल्यात."

"कितीदा दाबायचं असतं?"

"गाडी येईपर्यंत."

"गाडी इथेच आहे."

"मग मी म्हणेन तेव्हा ती आली असं समजा. किल्ली माझ्याकडे आहे."

केंद्रात सरांनी आधी खऱ्या जोडीत त्याच ओळी लिहिल्या आणि दोघींची बोलणी तोडून नव्याने ओळख करून दिली. मला तेवढा निरोप आला, मग निरोप बंद. मी साध्या फोनवरून मदत केंद्राचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन जमिनीवर ठेवला.

"मदत केंद्र. पत्ता सांगा."

आवाज मावशीचा होता, पण मी तो घरात कधीच ऐकला नव्हता. मी गॅरेजचा पत्ता सांगितला. माणूस शुद्धीवर नाही, श्वास दिसत नाही.

"गाडी निघालीय. तुम्ही एकट्याच आहात का?"

"हो."

"आता मी आहे. त्यांना पाठीवर सपाट झोपवा. छातीच्या मधोमध एक तळवा, त्यावर दुसरा. कोपर सरळ. मी मोजते तसं दाबा. खोल दाबा, घाबरू नका. एक, दोन, तीन, चार..."

मी दाबायला लागले. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. पहिल्या मिनिटात मी कान देऊन ऐकत होते, कुठे तुटतंय का. दुसऱ्यात घाम डोळ्यांत जायला लागला. त्यानंतर मला राउटर आठवले नाहीत. दंड जळत होते आणि तो आवाज नसता तर मी थांबले असते, एवढंच कळत होतं. मध्ये एकदा माझा ताल ढळला तेव्हा ती म्हणाली, "मला तुमच्या दाबाचा आवाज येतोय. थोडं लवकर. माझ्याबरोबर. सहा, सात, आठ..."

"ताई, जमतंय," ड्रायव्हर हळू म्हणाला. आता तो हसत नव्हता.

किती वेळ झाला ते मला माहीत नव्हतं. सहा मिनिटं ठरली होती आणि ती संपल्यावर सर मला दुसऱ्या फोनवर कळवणार होते. तो फोन खिशात थरथरला. मी हात काढले आणि मागे बसले.

"थांबलात का?" स्पीकरमधून आवाज आला. "गाडी पोचली का?"

"मावशी, झालं. सहा मिनिटं झाली."

"गाडी पोचली का?"

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो खाली वाकला आणि फोनजवळ म्हणाला, "पोचलो, मॅडम. रुग्ण ताब्यात घेतला."

"ठीक आहे. त्यांना पाणी द्या," मावशी म्हणाली. मग जरा वेगळ्या आवाजात, "चौकशीबाई, केव्हा दाबलं होतं बटण?"

"मला माहीत नाही. तुला कळलं?"

"नाही." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी बोललं, मॅडम असाव्यात, शेजारच्या केंद्राने फोन परत सोडले असं काहीतरी. लगेच एक घंटा वाजली. तिच्याच टेबलावर.

"ठेवते," मावशी म्हणाली. "लाइन वाजतेय." आणि फोन ठेवायच्या आधी तिचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं, माझ्यासाठी नसलेलं. "मदत केंद्र. पत्ता सांगा."

ड्रायव्हरने मला उठायला हात दिला. गुडघ्यांवर सिमेंटचे ठसे उठले होते. दुपारी सरांनी त्यांच्याकडच्या नोंदी पाठवल्या, मी पुतळ्याच्या पडद्यावरच्या उतरवून घेतल्या आणि दोन्ही एकाखाली एक मांडल्या.

थोरलीचं रीस्टार्ट सुरू: फोन लागल्यापासून एक मिनिट छत्तीस सेकंदांनी. थोरली परत: चार मिनिटं पंचवीस सेकंदांनी. केबल खेचावी लागली: नाही. पहिल्या सहा मिनिटांत चौथ्या टेबलावरून निघालेली आवाजाची पाकिटं अठरा हजार, गॅरेजात पोचलेली सतरा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. छातीवरचे दाब पाचशे त्र्याऐंशी. दोन दाबांमधलं सर्वांत मोठं अंतर शून्य दशांश सात सेकंद.